उपाशी वाफा

पौडच्या पुढं मुळशीच्या वाटेवरच्या एका गावात मी भाताच्या रोपांवर संशोधन करायला राहिलो होतो. संशोधन म्हणजे फार मोठं काही नाही. शेती कॉलेजातला मी हंगामी सहायक. सरांच्या मनात आलं तर पुढचं वर्ष, नाहीतर उचला वळकटी. आणि मला ती नोकरी हवी होती हो, अगदी जिवापाड हवी होती!

त्या भागात रोप टाकायच्या आधी उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या पसरून जाळतात. राब भाजणं म्हणतात त्याला. आमच्या सरांना ह्या राबाचा भयंकर राग. "डोंगर बोडके करून टाकले ह्यांनी!" असं ते वर्गात, व्हरांड्यात, चहाच्या टपरीवर, कुठंही ओरडायचे. राबावाचूनही रोप चांगलं येतं, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. म्हणून मी शेजारी शेजारी दोन वाफे आखले. एक भाजायचा, दुसरा तसाच कोरा ठेवायचा. दोन्हींत बी एकच, आंबेमोहोर.

शेत होतं मी ज्यांच्या पडवीत राहत होतो त्यांचं. घरधनी दिवसभरात चार शब्द बोलले तर बोलले. त्यांची कसर वहिनी भरून काढायच्या. कोरा वाफा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "भावजी, ह्यानं काय पाप केलंय?" मी त्यांना प्रयोग समजावून सांगितला. "बरं बरं," म्हणाल्या. मला वाटलं, समजलं. छे!

मे महिन्यात बहिणीच्या लग्नाला मी गावी गेलो. परतलो तोवर पाऊस लागला होता, बी पडलं होतं, चिखलाखाली सगळं सारखंच दिसत होतं. मग रोप वर आलं आणि मी डोळे चोळत बसलो. दोन्ही वाफे हिरवेगार! डावं-उजवं करायला जागा नाही. मी पहिल्या एस.टी.नं पुणं गाठलं. सरांनी मला चक्क मिठी मारली. त्यांच्या मिठीला तपकिरीचा वास होता, पण मला तो अत्तरासारखा वाटला. "पेपर लिही. सेमिनार तिथंच घेऊ, शेतावर. ह्यानंतर तू कायमचा झालास म्हणून समज."

मग काय, मी पेपर लिहिला. राबाचा काडीचाही उपयोग नाही, हे असं काही रंगवून लिहिलं की विचारू नका.

सेमिनारच्या दिवशी कॉलेजची मंडळी इरली आणि छत्र्या सांभाळत चिखलातून आली, वाफे बघून माना डोलावत देवळात बसली. खांबाला फळा टेकवला होता. मी घसा खाकरून वाचायला लागलो. वहिनी चहाचे पेले घेऊन आल्या नि ऐकत उभ्या राहिल्या. "न भाजलेल्या वाफ्यातही तितकंच जोमदार रोप..." एवढं मी वाचलं मात्र, मागून आवाज आला, "अवो भावजी, त्यो बी भाजलाय की!"

गेली नोकरी, मी मनात म्हटलं. रडू यायचंच बाकी होतं.

"का भाजलात?" सरांनी विचारलं. आवाज असा, की वहिनींच्या जागी मी असतो तर पळालो असतो.

वहिनींनी पदर सारखा केला. "तर काय करू सायेब? येका पोराला पोटभर वाढायचं आन शेजारच्याला उपाशी बसवायचं? आमच्या घरात न्हाई व्हत आसलं. भावजी गावाला गेलं हुतं, म्हटलं आपणच उरकावं."

सर वहिनींकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, चष्मा चहात पडला, तो वहिनींनीच काढून पुसून दिला. मग सर माझ्याकडं वळले. "प्रयोग झालाच नाही, तर तुला सोडू कसा? पुढच्या वर्षी पुन्हा कर. आणि उन्हाळ्यात कुणाच्या लग्नाला जायचं नाही. स्वतःच्यासुद्धा!"

पुढच्या वर्षी कोरा वाफा मी देवळामागं केला, कारण "माज्या डोळ्यांम्होरं नगं" ही वहिनींची अट होती. मी खडा पहारा दिला. रोप आलं ते पिवळट, केविलवाणं. सरांचं तोंड उतरलं, पण त्यांनी तसंच्या तसं लिहायला लावलं, आणि मला कायम केलं. नुसत्या बंदीनं राब सुटायचा नाही, फांद्यांऐवजी काय घालायचं ते शोधावं लागेल, असं त्या पेपरात शेवटी होतं. पुढं सगळी नोकरी मी तेच शोधण्यात घालवली.

मोजमाप झाल्यावर ती मरतुकडी रोपं मी बांधावर टाकायला निघालो, तर वहिनींनी माझ्या हातातून ओढून घेतली. शेताच्या कडेला, शेणखत घालून, स्वतः लावली.

कापणीनंतर एका दुपारी त्यांनी मला जेवायला बसवलं. वाफाळता भात, वर तूप, घरभर आंबेमोहोराचा वास. त्यांनी दुसऱ्यांदा वाढलं, मी नको नको म्हणत असताना तिसऱ्यांदा वाढलं.

"जेवा की पोटभर," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या उपाशी पोराचाच भात हाय ह्यो."