जपानी चॉकलेट आणि पाडव्याची साडी

मित्रहो, आपल्या फिरत्या वहीत आज दुपारचाच प्रसंग लिहितो.

कारखान्यातर्फे जपानला शिकून सांगलीला परतलेला माझा धाकटा भाऊ सांगत होता, "फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनच्या दिवशी तिथं बायकाच पुरुषांना चॉकलेट देत्यात."

"आन् पुरुष काय देत्यात?" माझ्या पत्नीने विचारलं.

"त्या दिवशी काय न्हाई, वैनी."

मी ऐटीत म्हणालो, "मी तरी दर पाडव्याला ओवाळणीत साडी घालतो."

"घालताय की! पर रंग कवा इचारलासा?"

भाऊ खो खो हसला. सोळा वर्षं माझ्याच आवडीची जांभळी साडी आणत आलो. हे देणं म्हणायचं की स्वतःची हौस?

शेवटी विचारलंच. ती चक्क लाजली. म्हणाली, "पोपटी."

तुमच्या घरच्यांचा आवडता रंग तुम्ही खात्रीनं सांगाल का?