ताटावरून उठवणारा फोन

गावभर बोलवा अशी होती की नाट्यगृहातल्या मावशीच्या टेबलावर एक लाल बटण आहे आणि ते दाबलं की अर्ध्या शहराचे फोन मुके होतात. बेकरीवाला तर छातीवर हात ठेवून सांगायचा, "बायको माहेराहून तासभर बोलत होती. मध्येच आवाज गेला. मी थेट मावशींचे आभार मानायला गेलो, तर म्हणतात, माझा काही संबंध नाही. मोठ्या मनाची बाई." केस कापायच्या दुकानात या गोष्टीला आणखी शेपूट फुटलं. तिथे मावशी सगळ्यांचे फोन कान लावून ऐकायला लागली होती.

खरं सांगायचं तर बटण लाल नव्हतं. करड्या रंगाचं होतं आणि त्याच्या कडेला चहाचा जुना डाग होता. त्याची सत्ता नाट्यगृहाच्या चार भिंतींत संपायची. दरवाज्याबाहेरच्या पायरीवर उभं राहिलं की फोन पुन्हा ज्याचा त्याचा. कोण काय बोललं हे त्या यंत्राला कळत नव्हतं आणि मावशीला ते ऐकण्यात रस नव्हता. "मला माझ्या बहिणीचं ऐकून होत नाही," ती म्हणायची, "शहराचं कधी ऐकू?"

यंत्र येण्याआधी मावशीने सोळा वर्षं दारावर तिकिटं फाडली. त्या काळात प्रेक्षकांचे फोन दाराशीच काढून घेत आणि एका लाकडी कपाटाच्या खणांत ठेवत. खणाला नंबर, नंबराचा बिल्ला हातात. नियम एकच, आत ठेवलेल्या फोनला कोणी हात लावायचा नाही. एका संध्याकाळी बत्तीस नंबरच्या खणात एक फोन भुंग्यासारखा गुणगुणायला लागला. थांबला, पुन्हा लागला. मावशीने मोजलं नव्हतं, पण नाटक सुटल्यावर त्या फोनच्या मालकाने पडद्यावर न घेतलेल्या फोनचा आकडा पाहिला, तो एकोणीस होता. तो पायरीवर बसला. मावशीने पाणी आणून दिलं. त्याने पेला धरला, प्यायला मात्र नाही. काय झालं होतं ते मावशीने विचारलं नाही आणि आजही तिला ते माहीत नाही. एवढंच माहीत आहे की ती नियमाने वागली होती आणि नियम चुकला होता.

पुढे कपाट गेलं, यंत्र आलं. तिकीट फोनवरच मिळायला लागलं आणि त्यासोबत प्रेक्षकाची परवानगीही. आत शिरलं की त्याच्या फोनचा आवाज, कॅमेरा आणि पडद्याचा उजेड नाट्यगृहाच्या ताब्यात. यंत्र शिकवायला आलेल्या मुलीला वाटलं होतं की दोन आठवडे लागतील. मावशी दोन दिवसांत शिकली आणि तिसऱ्या दिवशी त्या मुलीला म्हणाली, "हे 'पुढे जा' चुकीच्या जागी बसवलंय, माझं बोट दर वेळी 'मागे या'वर पडतं."

यंत्रावर दोन पर्याय होते, 'गप्प' आणि 'बंद'. नाट्यगृहाचे व्यवस्थापक, ज्यांना पाठीमागे सगळे सरसकट साहेब म्हणत, त्यांनी पहिल्याच प्रयोगाला फर्मान काढलं.

"बंद लावा. सरसकट."

"साहेब, गप्प पुरे आहे."

"गप्प म्हणजे अर्धवट. मला अर्धवट काही चालत नाही. बंद."

मावशीने बंद लावलं. तिसरी घंटा झाली, अंधार झाला, पडदा सरकायला लागला, आणि तीनशे चौदा फोन एकदम बंद झाले. आता फोन बंद होताना गपचूप होतो थोडाच? प्रत्येक कंपनीची निरोपाची धून वेगळी. कोणाची सतार, कोणाची शिट्टी, कोणाचा पाण्यात खडा पडल्यासारखा डुबुक. रंगमंचावर नायिकेचा बाप शेवटचा श्वास घेत होता. तो घेता घेता थांबला आणि प्रेक्षकांकडे बघायला लागला.

"बघितलंत ना साहेब," मावशी नंतर म्हणाली, "बंद होणारा फोन निरोप घेतो. गप्प राहणारा नुसता ऐकत बसतो. माणसांचंही तसंच असतं."

त्या दिवसापासून 'गप्प'. आणि गप्प फोन ऐकतो म्हटल्यावर मावशीला बत्तीस नंबरचा खण आठवला. तिने दारात उभं राहून प्रत्येकाला एक प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"असा कोणाचा फोन आहे का, की जो आला तर तुम्ही भरल्या ताटावरून उठाल?"

असेल तर तो एक नंबर यंत्रात जायचा. तो फोन आला की प्रेक्षकाच्या खिशात काही वाजायचं नाही. मावशीच्या टेबलावर दिवा लागायचा आणि खुर्चीचा नंबर दिसायचा. मग कापडी तळव्याच्या चपला घातलेली मावशी अंधारातून जाऊन त्या माणसाच्या खांद्यावर दोन बोटं ठेवायची. पायरीवर पोचेपर्यंत फोन त्याचा झालेला असायचा.

हा प्रश्न साधा वाटतो, पण तो विचारून बघावा. एक मिशाळ गृहस्थ म्हणाले, "माझे सगळेच फोन महत्त्वाचे असतात."

"मग ताटावरून किती वेळा उठता?"

"हे?" त्यांची बायको म्हणाली. "यांना पाणीसुद्धा मी आणून देते."

एक बाई विचारात पडल्या. "सासूबाईंचा आला तर उठेन."

"नंबर सांगा."

"अहो, उठून दुसऱ्या खोलीत जाईन. नका लिहू."

शंभरातले चार-पाच जण मात्र हसायचे नाहीत. क्षणभर थांबायचे आणि नंबर तोंडपाठ सांगायचे. मावशीला त्या थांबण्यावरूनच कळायचं.

माशी शिंकली ती एका करुण प्रसंगात. दिवा लागला, खुर्ची निघाली मधल्या रांगेतली मधली. मावशी गेली, त्या बाई उठल्या, त्यांच्यासाठी अकरा माणसं उठली, एकाची छत्री पडली. नायक संतापला. दुसऱ्या दिवशी सरसकट साहेब एक चकचकीत माहितीपत्रक काखेत मारून आले.

"नवीन यंत्र घेतोय. कोणाला सूट नाही, कोणाला विचारणं नाही. सगळं सरसकट आपोआप. तुम्ही परत तिकिटं बघायला दारावर."

"आणि ताटावरून उठवणारा फोन आला तर?"

"नाटक संपल्यावर बघतील."

मावशीने टेबलावरचा चहाचा डाग अंगठ्याने घासला. तो निघत नाही हे तिला माहीत होतं. "तीस प्रयोग द्या," ती म्हणाली. "एकही रांग उठणार नाही, एकही फोन वाजणार नाही. वाजला तर मीच यंत्राची किल्ली तुमच्या हातात ठेवते."

"एक जरी वाजला तरी."

"एक जरी."

तिने उपाय त्याच दिवशी केला. प्रश्नाला हो म्हणणाऱ्याला काठावरची खुर्ची. खांद्यावर बोटं ठेवली की माणूस वाऱ्यासारखा बाहेर, शेजाऱ्याला पत्ता नाही. एकोणतीस प्रयोग झाले. अकरा वेळा दिवा लागला, अकरा माणसं बाहेर गेली. त्यातला एक लिफ्ट दुरुस्त करणारा होता. तो अर्ध्या तासाने परत आला आणि राहिलेलं नाटक बघत बसला. "दोघं अडकले होते," तो मावशीच्या कानात म्हणाला. "भांडत होते. सोडवल्यावर म्हणतात, पाच मिनिटं थांबला असतात तर भांडण मिटलं असतं."

मावशीला एक भाची होती, थोरल्या बहिणीची, पंधरा वर्षांची. तिला नकलांचं वेड होतं. सरसकट साहेबांचं नाकातून येणारं 'सरसकट' ती असं काढायची की नाट्यगृहाचा पहारेकरी दचकून सरळ उभा राहायचा. दाराचं कुरकुरणं, कुकरची शिट्टी, झालंच तर वेगवेगळे बारा फोन, तोंडाने. एकोणतिसाव्या प्रयोगानंतर, मावशी घरी पाय शेकत बसली असताना, तिने विषय काढला.

"मावशी, तुझ्या नाट्यगृहात मी फोन वाजवून दाखवू?"

"तोंड फोन नसतं."

"ओळखणार कोण? अंधारात तुला खुर्ची सापडली तर मी हरले."

"हरलीस तर?"

"माझा फोन महिनाभर तुझ्याकडे. गप्प. आणि जिंकले तर वर्षभर सगळी नाटकं फुकट, पहिल्या रांगेत."

"प्रयोगात करायचं नाही. माझी पोटापाण्याची गोष्ट आहे."

"तालमीत करते. तालीम धरत नाहीत."

मावशी हसली. तालीम धरत नाहीत हे तिलाही पटलं होतं. दोघींचीही चूक तिथेच झाली, कारण सरसकट साहेबांसाठी धरायचं आणि न धरायचं असा भेदच नव्हता.

तिसाव्या प्रयोगाच्या सकाळी तालीम सुरू होती. भाची डबा द्यायच्या निमित्ताने आत शिरली आणि सातव्या रांगेत खुर्च्यांच्या मध्ये बसकण मारली. स्वतःचा फोन तिने मुद्दाम घरी ठेवला होता. रंगमंचावर नायक पत्र वाचत होता. तो "प्रिये" म्हणाला आणि सातव्या रांगेतून फोन वाजला. खणखणीत, दोनदा, मध्ये थरथर, अगदी दुकानातून आणल्यासारखा.

आणि मागून आवाज आला, "वाजला."

साहेब दारात उभे होते. काखेत माहितीपत्रक होतंच.

मावशी टेबलावरून उठली, पण घाईत नाही. यंत्राच्या पडद्यावर चार फोन दिसत होते, चारही नटांचे, चारही विंगेत, चारही गप्प.

"फोन नाही वाजला, साहेब."

"माझे कान फुटलेत का?"

"कान चांगले आहेत. पण तो फोन नव्हता. दोन घंट्यांच्या मध्ये त्याने श्वास घेतला."

"कोणी श्वास घेतला?"

"त्या फोनने."

साहेबांनी नायकाकडे पाहिलं, नायकाने पत्राकडे. "मावशी, ठरलं होतं एक जरी. किल्ली द्या."

मावशीने गळ्यातली किल्ली काढली. टेबलावर ठेवली. हात मात्र तिच्यावरच ठेवला. "देते. एक मिनिट द्या. खुर्ची काढून दाखवते."

अंधारात साडेचारशे खुर्च्या. भाचीने गुडघ्यात तोंड खुपसलं. उठून कबूल करावं असं तिला मनापासून वाटत होतं, पण पायांना ते पटत नव्हतं.

मावशीने घसा साफ केला. आणि तिच्या तोंडून तिच्या थोरल्या बहिणीचा आवाज निघाला, स्वयंपाकघरातून जिन्याखालपर्यंत पोचणारा, शेवटी चढत जाणारा, जसाच्या तसा:

"ए कार्टे, दूध उतू चाललंय, गॅस कोण बंद करणार?"

"आले गं आई," असं म्हणत सातव्या रांगेत चौदा नंबरच्या खुर्चीपुढे कोणीतरी ताडकन उभं राहिलं.

नायकाने पत्र तोंडावर धरलं. त्याचे खांदे हलत होते. भाची अर्धी वाकून तशीच उभी होती, दुधाकडे जायला निघालेली.

साहेबांनी भाचीला नखशिखांत न्याहाळलं. मग म्हणाले, "हा फोन कोणत्या कंपनीचा?"

"आमच्या घरचाच आहे," मावशी म्हणाली. "बोलतो जास्त, पण ताटावरून उठतो."

"तो बंद होतो का?"

"बंद नाही होत. गप्प करता येतो."

साहेब हसले की खोकले हे सांगणं कठीण. त्यांनी माहितीपत्रकाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि संध्याकाळच्या प्रयोगाला स्वतः दारात येऊन उभे राहिले. मावशीने त्यांनाही प्रश्न विचारला. ते क्षणभर थांबले. मग एक नंबर तोंडपाठ सांगितला आणि मुकाट काठावरच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्या रात्री कुठलाच फोन वाजला नाही, दिवाही लागला नाही. नाटक संपल्यावर किल्ली मावशीच्या गळ्यातच होती.

नकला करायची खोड भाचीत कुठून आली, यावर घरात बरीच वर्षं वाद होता. तो त्या सकाळी मिटला. भाचीचा फोन आता मावशीच्या कपाटात साड्यांच्या खाली गप्प पडलेला आहे, आणखी अठरा दिवस. म्हणून तर हे सगळं वहीत, पेनाने, हात दुखेपर्यंत लिहावं लागलं.