कापराची घडी

टेमा बंदराजवळच्या कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एसिनामला सगळे ‘बुरशीची आई’ म्हणत. लग्न नाही, पोर नाही, पण बरण्यांतली हिरवी, काळी, पांढरी बुरशी ती जिवापाड जपायची. झाकण उघडलं की आधी विचारायची, “उठलीस का गं?”

“बारसं कधी?” शेजारच्या टेबलावरचा क्वाब्ला चिडवायचा.

“तू येशील तेव्हा. पंगतीला तुझाच शर्ट वाढते तिला!”

केटाच्या खाडीकाठी आईच्या मासळीच्या टोपल्यांवरचं फडकं दर पावसाळ्यात काळं पडायचं. ते घासता घासता मोठी झालेली ही पोर, बुरशीवर रागवायचं सोडून तिच्या नादालाच लागली.

एका शुक्रवारी आंटी कोरकोर आली. बाजारातली शिवणवाली, आवाज भोंग्यासारखा. बुरशी धरू नये म्हणून औषधात बुडवून वाळवलेलं कापड तिनं आणलं होतं. प्रसूतीच्या इस्पितळातल्या गाद्यांना त्याच्या खोळी घालायच्या होत्या. प्रयोगशाळेचा कागद मिळाला तर काम तिचं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं. एसिनामनं कापडाची पट्टी आणि जवळच औषध न लावलेली साधी सुती पट्टी ओल्या, उबदार बरणीत ठेवली, दोन्हींवर बुरशीचं बी शिंपडलं.

बरणी उघडायचा ठरलेला सोमवार उजाडला. आंटी आधीच हजर.

“स्वच्छ!” ती टाळ्या पिटत नाचायलाच लागली. “डागसुद्धा नाही! लिही, पोरी, लिही!”

एसिनाम साध्या पट्टीकडे बघत होती. “आंटी, हीसुद्धा स्वच्छ आहे.”

“मग दुप्पट चांगलं!”

“नाही हो. हिच्यावर बुरशी यायलाच हवी. आली नाही, म्हणजे बुरशी जगलीच नाही. तुमच्या कापडाची परीक्षाच झाली नाही.”

“शेजारणीचं पोर नापास झालं नाही, म्हणून माझं पास नाही? हा कुठला गं न्याय?”

एसिनामनं बरणीत नाक घातलं आणि थबकली. कापूर! “आंटी, कापड इथं आणण्याआधी कुठं होतं?”

“कुठं म्हणजे? पेटीत! आईच्या पेटीत, मयताला जाताना नेसायच्या कापडांसोबत, कापराच्या गोळ्या घालून. चांगलं कापड काय चुलीशेजारी ठेवू?”

क्वाब्लानं कपाळावर हात मारला. शुक्रवारी प्रयोगशाळेत सगळेच पेटीतली छापील कापडं घालून येतात. सगळ्या खोलीला कापराचा वास, त्यात एका घडीचा वास कुणाला कळणार?

“मीच विचारायला हवं होतं,” एसिनाम म्हणाली. “कापरानं बुरशी मारली.”

“मेली ना? मग लिही!”

“कापूर उडून जाईल, आंटी. बाळंतिणी झोपणार आहेत त्यावर. ओल राहील, घाम राहील. नाही लिहिणार.”

आंटी तरातरा निघून गेली. एसिनामनं इस्पितळाच्या भांडारवाल्याला फोन लावला, खरं काय ते सांगितलं. “थांबतो,” तो कुरकुरत म्हणाला, “पण एकदाच.” तिनं लगेच आंटीला निरोप धाडला: पेटीत न गेलेलं नवं कापड आणा.

दुसऱ्या दिवशी दारात आंटी! वाळत घालायच्या दोरीवरून थेट काढलेलं कापड तिनं हातभर लांब धरलेलं, जणू उंदीरच.

“अंगाला लावलं नाही हं! पेटीच्या वाटेनंसुद्धा आले नाही. बायका मशीनवर बसून वाट बघतायत माझी.”

एसिनामनं नव्या बरणीत पुन्हा दोन पट्ट्या ठेवल्या. मग रोज सकाळी आंटीचा फोन. “आली का गं बुरशी?”

“नाही अजून.”

“अगं, खायला घाल की तिला!”

आणि एका सकाळी बरणीत साधी पट्टी काळीकुट्ट, केसाळ झाली. आंटीला तातडीनं बोलावलं. ती काचेला डोळा लावून बसली.

“केवढी गं ही भयानक! आणि माझं?”

“बघा की.”

शेजारची पट्टी धुतल्यासारखी. एसिनामनं ती भिंगाखालीही धरून पाहिली, उलटली, पुन्हा पाहिली. मग कागद ओढला.

ती सही करत असतानाच आंटी दारात उभी राहून फोनवर ओरडत होती, “मशीनं सुरू करा गं! पण खबरदार, एकही खोळ कुणी पेटीत ठेवाल तर!”