ताऱ्याला कूलर

मे महिन्यात अकोल्यातला शहाणा माणूस गॅससुद्धा सकाळीच एकदा पेटवून मोकळा होतो. आमच्या घरात मात्र एक कॉम्प्युटर रात्रंदिवस तापत असतो, आणि तो तापवणारा मी.

अमरावतीला एम.एस्सी. करताना मला संशोधक व्हायचं होतं. झालो शिकवणीचा मास्तर. मेडिकलच्या नीट परीक्षेच्या पोरांना घर्षण शिकवून शिकवून माझीच धार गेली, म्हणून हा उद्योग. आकाशात काही ताऱ्यांच्या जोड्या असतात. त्यातला एखादा न्यूट्रॉन तारा असतो, सूर्याहून जड, पण अकोला ते बोरगाव मंजू या वीसेक किलोमीटरांत मावेल एवढाच. स्वतःभोवती गरगर फिरताना त्याच्या अंगावर जरासं टेंगूळ असलं, तर त्यातून गुरुत्वीय लहरी अखंड निघत राहतात, एका सुरात. पण जोडीदाराभोवती फेऱ्या मारताना तो सूर वरखाली होतो, जवळ येऊन पुढे निघून जाणाऱ्या एसटीच्या हॉर्नसारखा. फेरी केवढी, किती वेळाची, हे बहुतेकदा ठाऊकच नसतं. मग एकेक शक्यता लावून बघायची. असं काम कोणा एका यंत्राच्या बापाच्यानं होत नाही, म्हणून शास्त्रज्ञ त्याचे तुकडे करून जगभरच्या रिकामटेकड्यांच्या कॉम्प्युटरना वाटतात. आमच्याही पेटीला, म्हणजे त्या तापणाऱ्या कॉम्प्युटरला, तुकडा येतो. ती तो दळते, पीठ परत पाठवते, नवा तुकडा घेते. असा सूर अजून जगात कोणालाच ऐकू आलेला नाही. तो आमच्या पेटीत पहिल्यांदा वाजावा, एवढीच माझी माफक इच्छा.

पेटी बाबांच्या खोलीत, कारण घरातला एकुलता एक कूलर तिथे. दुसऱ्या खोलीत ठेवली की ती तापून आपोआप बंद पडते. बाबा कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेले, दिवसभर घरी एकटे. "आपल्या घरी उन्हाची कमी होती काय, बाप्पा?" एवढं एकदा विचारून ते पेटीबद्दल गप्प झाले होते.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं. दवाखाना, सलाईन, सगळं झालं. यंदा पारा चढायला लागल्याबरोबर बायकोने मला धारेवर धरलं.

"तुमची पेटी त्या खोलीत आग ओकून राहिली. एक तर तारा ठेवा, नाही तर मामाजी ठेवा."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे बाबा. तिचं खरंच होतं. जिवावर आलं, पण तारे हजार आहेत, बाप एकच. सकाळी मी पेटी बंद केली आणि क्लासला निघून गेलो. बायको बँकेत गेली.

दुपारी परत आलो तर कूलर रिकाम्या खाटेला वारा घालत होता. बाबा बाहेर ओट्यावर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसलेले. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. माझं टाळकंच सरकलं.

"बाबा, मरायचं हाये का तुमाले? आत काहून नाही बसत?"

"आत लय सुनं वाटते."

"म्हणजे?"

"तुयी माय होती तवा दिवसभर शिलाई मशीन चाले तिची. ते गेली, मशीन गेली. मंग तुयी पेटी आली. घूं घूं करे, तं वाटे, घरात कोनी काम करून राहिलं."

इतके दिवस मी त्या पेटीचा आवाज माझ्या ताऱ्याच्या खात्यात जमा करत होतो. या माणसाला दिवसभर कोणाची सोबत आहे, हे मी कधी विचारलंही नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

बायको जेवायला घरी आली. तिने सगळं ऐकून घेतलं, पदराने डोळे टिपले आणि स्वतःच पेटी सुरू केली. मग पेटी खिडकीशी सरकवून तिच्यामागे आमच्या खोलीतला स्टँडचा पंखा असा लावला की गरमी बाहेर जावी. आता आम्ही दोघं गच्चीवर झोपायचं, असा हुकूमही सुटला.

संध्याकाळी तुकडा दळून झाला. मी निकाल बघत होतो, तर खाटेवरून बाबांचा आवाज आला.

"भेटला काय रे तुया तारा?"

"नाही ना, बाबा."

"बेस झालं," कूलरकडे तोंड करत ते म्हणाले. "भेटला असता तं तू मशीन बंद केली असती."