देवाजीचं तीन चेंडूंचं यंत्र

या सदरातले गूढ अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आहे, पण खरं सांगायचं तर चुका शोधायला वाचते. खिडकी उघडी राहिली असेल, मांजर असेल, झोपेची गुंगी असेल... शाळेत मराठी शिकवण्यात आणि शाळेची पुस्तकं सांभाळण्यात माझी एकतीस वर्षं गेली. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आज माझीच गोष्ट लिहिते आहे. तुम्हीही चूक शोधा. मला सापडलेली नाही.

मी चामोर्शीला राहते. धाकटा भाऊ देवाजी माझ्यासोबत राहायचा. लग्न आम्हा दोघांचंही झालं नाही. तो लग्नांत सनई वाजवायचा. म्हणजे गाणं वाजवायचे त्याचे जोडीदार लहानूभाऊ. देवाजी त्यांच्या मागे बसून दुसऱ्या सनईवर सूर धरायचा — एकच स्वर, न तुटता, गाणं संपेपर्यंत. गालांत हवा साठवायची, आणि ती सोडता सोडताच नाकानं नवी घ्यायची. लोक लहानूभाऊंकडे बघायचे. मी लहानपणापासून देवाजीकडे बघत मनात आकडे मोजायची.

दुसऱ्या लाटेत त्याला कोरोना झाला. एका मोठ्या दवाखान्यात एकोणीस दिवस ऑक्सिजनवर होता. जिवंत घरी आला तेव्हा वाटलं, सुटलो. सुट्टीच्या कागदावर औषधांच्या खाली दोन ओळी इंग्रजीत खरडल्या होत्या. त्यातला 'रिहॅब' एवढाच शब्द मला लागला. औषधं देणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ते दारू सोडवाचं असते, बाई. तुमचा भाऊ पेते का?"

देवाजी धापा टाकत हसला. "आपल्या जिल्ह्यात दारूबंदी हाये म्हणा त्याले. कुठची पेऊ?"

मीही हसले. ते हसू आठवलं की आज स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. अशा आजारानंतर हृदय आणि फुप्फुसं हळूहळू पुन्हा कामाला लावावी लागतात. रोज मोजून थोडं थोडं चालायचं असतं, श्वासाचे व्यायाम कोणीतरी समोर बसून शिकवायचे असतात... हे सगळं मला तो गेल्यावर कळलं. त्या दोन ओळींत तेच लिहिलेलं होतं.

दिलं काय? पिशवीत घालून एक प्लास्टिकचं यंत्र. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलका निळा चेंडू, आणि तोंडात धरायची एक लवचीक नळी. नर्सबाई दारातूनच बोलली, "दिवसातून दहा वेळा फुंकाचं. चेंडू वर गेले पाह्यजे." आणि गेली. तिच्या मागे भरलेल्या खाटा होत्या, सगळं मान्य. तरी माझा राग कमी होत नाही.

"मले फुंकाले शिकवून राह्यली ते?" देवाजी रिक्षात म्हणाला. "माहा जनम गेला फुंकण्यात."

घरी तो फुंकायचा. गाल फुगवून, डोळे लाल होईपर्यंत. एकही चेंडू जागचा हलत नसे. मी समोर बसून आकडे मोजायची आणि म्हणायची, "अजून जोरात, देवा. अजून जोरात." हे शब्द माझे आहेत, नर्सबाईचे नाहीत. तो खोकत राहायचा, ओठ जांभळे पडायचे, आणि मी त्याला पाणी देऊन पुन्हा नळी हातात द्यायची. शिकलेली बहीण ना मी!

तीन आठवडे असे गेले. एका सकाळी त्यानं ते यंत्र उचलून फळीवर सनईच्या शेजारी ठेवलं. "तान्ह्या लेकराचं खेळणं हालत नाई माह्यानं. दम संपला, बाई." त्या दिवसापासून अंगणात चार पावलं टाकायचा तेही त्यानं सोडलं. खाटेवर पडून राहिला. धानाची कापणी सुरू व्हायच्या आत गेला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कडक झाली होती, हृदयावर ताण आला, कदाचित तसंही... ते 'कदाचित' आजही माझी पाठ सोडत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, एका रविवारी आमच्या शाळेत आरोग्य शिबिर होतं. एका टेबलावर तेच यंत्र होतं आणि एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी एका म्हाताऱ्याला सांगत होती, "आजोबा, फुंकायचं नाही. नळीनं शरबत पिता ना, तसं आत ओढायचं. सावकाश." आजोबांनी ओढलं. दोन चेंडू वर गेले.

मी विचारलं, "फुंकलं तर?"

"तर काहीच हलत नाही, मॅडम. माणूस उगाच दमतो. खूप जण फुंकतात." ती सहज बोलून गेली. खूप जण.

मी तशीच घरी आले. अकरा वाजले होते. वीज गेलेली, पंखा बंद, उन्हामुळे खिडक्या लावलेल्या. ओसरीवर लहानूभाऊ बसले होते. त्यांना नवा जोडीदार मिळाला होता, देवाजीची सनई मागायला आले होते. मी म्हटलं, आत या, फळीवरून घ्या. मी स्वतः यंत्र खाली काढलं, फरशीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरातून वरवंटा आणला.

"बाई, काय करून राह्यल्या?"

"फोडते."

वरवंटा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला होता, तेव्हा पहिला चेंडू उचलला गेला. मला वाटलं, डोळ्यात पाणी आहे म्हणून तसं दिसतंय. मग दुसरा. मग तिसरा. तिन्ही नळ्यांच्या टोकाला जाऊन चिकटले आणि तिथेच राहिले. तोंडात धरायची नळी फरशीवर मोकळी पडली होती. तिच्याजवळ कोणी नव्हतं. आवाज नव्हता. मी सवयीनं मोजायला लागले. वरवंटा हातातच होता, खांदे भरून आले, तरी मोजत राहिले. एकशे बारापर्यंत. एका दमात इतका वेळ श्वास आत ओढत राहणं कुठल्याही माणसाला शक्य नाही, देवाजीला धडधाकट असतानाही नव्हतं. मग चेंडू एकेक करून अलगद खाली बसले.

लहानूभाऊ भिंतीला टेकले होते. "पायलं ना, बाई?" ते हळूच म्हणाले. "सूर धरला त्यानं."

मी त्या वडीलधाऱ्या माणसावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "आता काय करू त्या सुराचं? तेव्हा काऊन नाई हालले हे? तेव्हा एक चेंडू हालला असता तरी तो उठून चालला असता!"

त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "रागानं नाई आला तो, बाई."

"मी आहे ना रागावलेली," मी म्हटलं.

ते सनई न घेताच गेले. पुन्हा मागितली नाही.

त्यानंतर मी माझ्या पद्धतीनं तपासून पाहिलं. तीच जागा, तीच वेळ, वीज गेलेली, खिडक्या बंद. फरशीला उतार आहे का पाहिलं. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी उष्णता, हवेचा दाब असं बरंच सांगितलं आणि शेवटी म्हणाले, तिन्ही आणि इतका वेळ... नाही जमत, बाई. चेंडू पुन्हा कधीच हलले नाहीत. मी स्वतः त्या नळीला तोंड लावलेलं नाही. तिच्यावर देवाजीच्या दातांच्या खुणा आहेत.

यंत्र फोडलं नाही. दर शनिवारी शाळा सुटल्यावर ते पिशवीत घालून मी त्याच दवाखान्यात जाते. सुट्टी होऊन बाहेर येणाऱ्यांपैकी ज्याच्या हातात तसलं यंत्र दिसेल, त्याला बाकावर बसवते. "फुंकू नका, आत ओढा," म्हणते आणि चेंडू वर जाईपर्यंत उठू देत नाही. एकदा तिथल्या एकानं हटकलं, "तुम्ही कोण, मॅडम? इथी काय काम?" मी म्हटलं, "तुमचंच काम करते आहे."

ते चेंडू कोणी वर ओढले, मला आजही सांगता येत नाही. दम होता हे त्याला दाखवायचं होतं, की माझा हात अडवायचा होता, तेही सांगता येत नाही. पण दारातून बोलून निघून जाण्याऐवजी त्याच्यासमोर बसायला दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं कोणाकडेच कशी नव्हती, हे मी दर शनिवारी त्या बाकावर बसून विचारते. त्याचंही उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.