पन्नासावा आस

जगात जे जे मोठं आहे ते ते निष्काळजीपणानं केलेलं आहे, असं माझ्या मावशीच्या यजमानांचं, म्हणजे काकांचं, मत आहे, आणि या मताला धक्का देईल अशी एकही वस्तू त्यांना पंच्याहत्तर वर्षांत भेटलेली नाही. लालबागच्या त्यांच्या खोलीच्या खिडकीतून, पूर्वी जिथे गिरणी होती तिथे उभा राहिलेला टॉवर दिसतो. तो चढत होता तेव्हा सगळी चाळ गॅलरीत येऊन मान दुखेपर्यंत वर बघायची. काकांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "मोठं करायला काय लागतं? जागा." उड्डाणपूल, विमान, बावीस फुटी गणपती, सगळ्यांना हाच न्याय. "त्यात दोन इंच इकडेतिकडे झाले तर कोणाला कळणार आहे? आणि कळणारच नसेल तर माणूस नीट कशाला करील?" नातवाला घेऊन भायखळ्याला राणीच्या बागेत गेले होते, तेव्हा हत्तीकडे पाठ करून ते एका मुंगीच्या मागे दहा पावलं चालत गेले, असं मावशी सांगते.

काका आस करतात. डॉक्टरकडे रक्तदाब मोजायचं तबकडीवालं यंत्र असतं ना, त्याचा काटा ज्या दांडीवर फिरतो ती दांडी म्हणजे आस. लांबी चार मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या कणीएवढी. दोन्ही टोकं इतकी बारीक की डोक्याचे दोन केस शेजारी ठेवले तर तेवढी जाडी. आणि चुकायची मुभा किती, तर केसाचे उभे चौदा भाग करायचे, त्यातला एक. नव्या यंत्रांचे आस आता मोठ्या कारखान्यांत हजारांनी होतात. पण जुनी यंत्रं दुरुस्त करणारा एक छोटा कारखाना वडाळ्याला आहे. त्याला एका वेळी पन्नासच लागतात, आणि पन्नाससाठी मोठं मशीन कोणी लावत नाही. म्हणून हा एकच आस काका गेली तीसेक वर्षं करत आलेत. कंटाळा नाही येत का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "अजून नीट जमला कुठे आहे?"

माझं त्यांचं बरं जमतं, कारण मी परळच्या एका इस्पितळात सिस्टर आहे. लहान बाळांची शीर शोधण्यात माझा हात चांगला आहे, हे कळल्यापासून ते मला बिरादरीतली समजतात. फक्त एकदा म्हणाले, "तुझं काम माझ्यासारखंच गं. पण तुझा माल ओरडतो."

खोली दीड. त्या अर्ध्या खोलीत खिडकीशी एक टेबल आणि त्यावर धातू गरगर फिरवत कातायचा, शिलाई मशीनपेक्षा लहान असा लेथ. हे टेबल लग्नाच्या दुसऱ्या वर्षी काकांनी पाण्याची पातळी लावून, पायाखाली कागदाच्या घड्या घालून समतल केलं. तेव्हापासून ते कोणी हलवलेलं नाही. दिवाळीची साफसफाई त्याच्या तीन बाजूंनी होते. चौथी बाजू भिंतीकडे आहे, आणि तिथे मागच्या पायाशी वर्षानुवर्षं ठिबकलेल्या तेलाचा डांबरासारखा काळा थर साचला आहे. मावशी तिकडे बघतसुद्धा नाही. बघितलं तर पुसावंसं वाटेल, म्हणते.

बाकी घर या टेबलाच्या सोयीनं चालतं. काम चालू असताना पंखा बंद, मग मे महिना का असेना. फोडणी सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतर, कारण मिरचीचा खकाणा उठला की काकांना शिंक येते आणि शिंकेनं दहा पीस एका दमात खिडकीबाहेर जाऊ शकतात. मालवणी घर असून बांगडा तळायची वेळ घड्याळ बघून ठरते. "लोकांकडे मुहूर्त लग्नाला बघतात, माझ्याकडे मिरच्यांना," असं मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. मायक्रोमीटर हा प्रकार काका खिशात घेऊन फिरतात. जाडी मोजायचं ते यंत्र, पण त्यांनी त्यानं मावशीच्या पोळ्या मोजल्यात, लग्नपत्रिका मोजल्यात आणि एकदा जेवायला बसलेल्या व्याह्यांसमोर उडदाचा पापड मोजून "कडेला बरा आहे" असा शेराही दिलाय. लांबचं मात्र त्यांना काही दिसत नाही. लालबाग मार्केटात सख्खा भाऊ समोरून आला तरी सरळ पुढे जातात. भाऊ चिडला तर म्हणाले, "तू फार लांब उभा होतास." भाऊ तीन हातांवर होता.

पण या घराचा खरा कायदा एकच. पीस पडला की काका ओरडतात, "हलू नका!" आणि त्या क्षणी जो जिथे असेल तिथे तसाच थांबतो. मग काका विजेरी जमिनीवर आडवी ठेवतात. उजेड फरशीला घासत गेला की तांदळाएवढ्या वस्तूचीही बोटभर लांब सावली पडते, आणि ती सावली शोधायची. एका संक्रांतीला हळदीकुंकवाच्या ऐन गर्दीत हा हुकूम सुटला. अकरा बायका पुतळ्यासारख्या उभ्या. एकीचा हात अत्तरासाठी पुढे, एक नमस्काराला वाकलेली ती तशीच वाकलेली. पीस शेवटी हलव्याच्या वाटीत सापडला. काकांनी दाणा दाणा चिमट्यानं बाजूला करून तो काढला आणि वाकलेल्या बाईंना म्हणाले, "आता उठा." नवं माणूस त्या घरात पहिल्यांदा येतं तेव्हा निघताना त्याची आणखी एक पंचाईत होते. उंबरठ्याशी काका म्हणतात, "तळवे दाखवा." पायाला चिकटून माल बाहेर जाऊ नये म्हणून. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून त्या दारात चौकटीला धरून एकेक पाय मागे उचलून दाखवत आलेय. लग्नानंतर नवऱ्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा त्यालाही उचलायला लावला. तो अजून सांगतो लोकांना.

मागच्या वर्षी केव्हातरी काका कपबशी सोडून स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला लागले, तोही अर्धाच भरलेला. घरात कोणाला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं, कारण असले पेले मी रोज बघते. त्यांचा उजवा हात थरथरत होता. काकांनी त्यावरही पद्धत शोधून काढली होती. डाव्या हाताच्या दोन बोटांनी मानेची नाडी बघायची आणि दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत उजव्यानं हत्यार पुढे न्यायचं. हे मला त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी विचारलं, आणि पीस मशीनमधून काढताना? तर म्हणाले, "तेवढंच जरा बघायचंय."

काकांनी चुकीचा पीस आयुष्यात कोणाला दिला नाही. प्रत्येक आस स्वतः मोजायचा, नापास झाला की टेबलावरच्या सुपारीच्या डब्यात टाकायचा. पूर्वी तो डबा वर्षाला भरे. आता महिन्यात दोनदा भरायला लागला. पन्नास आसांना पूर्वी आठवडा लागायचा, या वेळी दोन महिने होऊन गेले. वडाळ्याच्या कारखान्यात माल तपासणारी मुलगी भली आहे, तिनं खूप सांभाळून घेतलं. शेवटी तिनंच फोन केला, की काका, सोमवारी पन्नास आले नाहीत तर साहेब काम बाहेर देणार आहेत, माझं काही चालणार नाही. काकांकडे दुसरं गिऱ्हाईक उरलेलं नाही. हे काम गेलं की लेथ बंद.

तेव्हा मावशीनं मला फोन केला. "अगो, तू ये आणि सांग ह्यांना, पुरे झालं म्हणून. माझं नाही ऐकत. रात्री झोपेत पण बोटं चालतात. तू सिस्टर आहेस, तुझं ऐकतील."

मी रविवारी गेले. अशा गोष्टी सांगणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे, त्यात गोड बोलण्यात वेळ घालवायचा नसतो हे मला माहीत आहे. जिना चढताना वाक्यही तयार केलं होतं. आत गेले तर काका डोळ्याला भिंग लावून लेथवर वाकलेले, शेजारी काचेच्या बशीत आस ओळीनं मांडलेले. मावशी गॅसपाशी दूध तापवत उभी. तिनं ओठांनीच सांगितलं, एकोणपन्नास झाले.

"एक राहू दे ना काका," मी म्हटलं. "एकोणपन्नास द्या त्यांना."

"एकोणपन्नास म्हणजे एक कमी नव्हे," ते मान वर न करता म्हणाले. "एकोणपन्नास म्हणजे काम झालं नाही."

मग त्यांनी चिमट्यानं लेथमधून पीस काढला, वर धरला, आणि हात थरथरला.

"हलू नका!"

मी चपला कोपऱ्यात सरकवत होते, ती एका पायावर थांबले. मावशीचा हात गॅसच्या बटणापासून वीतभर लांब. आणि दूध वर यायला लागलं.

"अहो, दूध," मावशी म्हणाली.

"हलू नको."

"अहो, जातंय!"

"दूध परत मिळतं."

दूध वर आलं, भांड्याच्या काठावर क्षणभर थांबलं आणि गेलं. ओट्यावरून, कपाटावरून, जमिनीपर्यंत. गॅस विझला. मग काकांनी स्वतः अलगद पाऊल टाकत जाऊन बटण फिरवलं. लग्नाला पन्नास वर्षं झालेली बाई एवढं सगळं बघत तशीच उभी राहिली. शिव्या मात्र तिनं मालवणीत घातल्या, त्यांना थांबायचा हुकूम नव्हता.

विजेरी जमिनीवर आडवी झाली. काकांना आता गुडघ्यांनी वाकवत नाही, म्हणून मी पोटावर झोपून शोधलं. मधल्या फरश्यांवर काही नव्हतं. टेबलाखाली नव्हतं. विजेरी टेबलामागे सरकवली, आणि मागच्या पायाशी त्या काळ्या थरावर एक बारीक सावली उभी दिसली. सुईच्या टोकाएवढं काहीतरी तेलातून वर आलं होतं. मी केसातली पिन काढून ते खरवडलं आणि तेलाच्या गोळीसकट काकांच्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी ते रॉकेलमध्ये धुतलं. भिंग लावलं. दोन्ही टोकं उजेडाला धरून पाहिली.

"हा आजचा नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"टोकाजवळचा हा खांदा बघ, जाडी उतरते ती पायरी. हा जुन्या हत्याराचा आहे. ते हत्यार तुझ्या लग्नाच्या आधी मोडलं. तेलात होता म्हणून गंजला नाही."

तेवढ्यात आजचाही सापडला. तो कुठे गेलाच नव्हता, त्यांच्याच बाहीच्या घडीत बसला होता. काकांनी दोन्ही बशीत शेजारी ठेवले आणि मायक्रोमीटर घेतला. आधी आजचा मोजला. मग तो जुना. जुना त्यांनी तीनदा मोजला. मी शेजारी उभी होते, आकडे मलाही दिसत होते. आजचा मुभेच्या बाहेर होता. जुना जिथे असायला हवा तिथेच, कुठल्याच बाजूला केसाच्या चौदाव्या भागाचासुद्धा फरक नाही.

मी तयार करून आणलेलं वाक्य काही बोलले नाही. गरज नव्हती.

काकांनी आजचा पीस चिमट्यात धरला, सुपारीच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. जुना उचलून एकोणपन्नासांच्या शेवटी ठेवला. मग पंख्याचं बटण दाबलं. सकाळचे अकरा वाजले होते. मावशी दूध पुसता पुसता थांबली आणि वर पंख्याकडे बघत राहिली.

"आज मिरच्यांची फोडणी दे," काका म्हणाले.

सोमवारी माल मीच ड्यूटीला जाताना वडाळ्याला पोचवला. बुधवारी मी पुन्हा लालबागला गेले होते, तेव्हा त्या मुलीचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला. पन्नासही पास, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "काका, एक विचारू? शेवटचा जो पीस आहे ना, तो मी साहेबांना दाखवला. बाकीचे बरोबर आहेत, पण हा वेगळाच आहे. तो कसा काय केलात?"

"तो माझा नाही," काका म्हणाले. "इथे पूर्वी एक जण काम करायचा, त्याचा आहे."

"मग पुढचे पन्नास त्यांनाच द्या ना करायला."

"त्यानं काम सोडलं," काका म्हणाले, आणि तिला सांगितलं की साहेबांना कळव, काम बाहेर द्यायला हरकत नाही.

लेथवर मावशीच्या जुन्या लुगड्याची चौघडी घातलेली होती. टेबल अजून जागेवरच आहे, ते हलवायचं कोणी बोललेलं नाही. कपबशीतून चहा झाला, काकांचा बशीत थोडा सांडला, तो त्यांनी बशीतूनच प्यायला. मी निघाले. दाराशी आल्यावर सवयीनं चौकट धरली आणि डावा पाय मागे उचलला.

"राहू दे," काका खुर्चीतून म्हणाले. "आता काय असणार?"

मी तरी पाय खाली ठेवला नाही. तेव्हा ते उठले, दारापर्यंत आले आणि भिंग न लावताच वाकून बघितलं.

"दुसरा," ते म्हणाले.

मी दुसरा दाखवला.