रेघ कुठून ओढायची

तिला खात्यात सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. इस्पितळाच्या तळघरात, मोठ्या गोल यंत्रासमोर काचेआड ती बसायची. यंत्रात छातीला तारा लावलेला माणूस आडवा, आणि हिच्या पडद्यावर त्याची महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यांत जाड रक्तवाहिनी. आडवी कापल्यासारखी, गोल. दर ठोक्याला ते वर्तुळ फुगायचं आणि पुन्हा आकसायचं. फुगल्यावर एक रेघ ओढायची, आकसल्यावर दुसरी. दोन्हींत फरक चांगला असला तर धमनी लवचिक. फरक उरलाच नाही तर ती कडक झाली, आणि कधी फाटेल याचा नेम नाही.

गोम अशी की कड धूसर असते. बाहेरची रेघ केसभर बाहेर आणि आतली केसभर आत सरकवली, की मरणाला टेकलेली धमनीही ठणठणीत दिसते. एका बड्या पेशंटचा मेहुणा एकदा "बघा ना जरा" म्हणत घुटमळला, तेव्हा हिनं माउस त्याच्यापुढे सरकवला. "तुम्हीच ओढा. सहीही तुम्हीच करा." मेहुणा आल्या पावली परत गेला.

तिचे वडील ऐन चाळिशीत जेवताजेवता गेले होते. धमनी फाटली, हे मागाहून कळलं, आणि दुखणं रक्तातून उतरतं हेही. वडिलांच्या वाटणीत धाकट्या भावाला उंची, लांबसडक बोटं आणि ती धमनी मिळाली. हिच्या वाट्याला नुसती फटकळ जीभ. भाऊ दरवर्षी हिच्याकडेच तपासून घ्यायचा आणि यंत्रावर आडवा होताना म्हणायचा, "ताई, नापास करू नकोस हं."

मागच्या वर्षी त्याची धमनी हलेनाशीच झाली होती. रुंदी अजून हद्दीत होती, त्यामुळे ऑपरेशन करायचं की नाही हे सगळं या हलण्यावर येऊन ठेपलं. बाहेर भावजयीनं हिचा हात धरला.

"वन्सं, थोडं सांभाळून घ्या ना. वर्षभर तरी. ऑपरेशनच्या नावानं त्यांची झोप उडालीय."

"मी घेईन गं सांभाळून. धमनी घेणार आहे का?" ती म्हणाली, आणि जे होतं ते लिहिलं.

डॉक्टरांनी धमनीचा तेवढा तुकडा बदलायचं ठरवलं. अशा ऑपरेशनातून बहुतेक सगळे चालत घरी जातात. भाऊ टेबलावरच गेला.

कुणी तिला बोल लावला नाही. आकडा बरोबरच होता, असं डॉक्टर म्हणाले, आणि तेच तिला आतून खात राहिलं. चुकला असता तर स्वतःला चार शिव्या घालून मोकळी तरी झाली असती. भावजय भेटली की चहा करायची, समोर बसायची, सगळ्या जगाचं बोलायची, पण त्या दिवसाचं नाही. भावजयीनं एकदा कडाकडा भांडावं, असं हिला फार वाटे.

आणि आज भावजय भाचीला घेऊन आली. पोर चौदा वर्षांची, थेट बापाच्या वळणाची.

"मी दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगते," ती भावजयीला म्हणाली.

"नको. तुम्हीच मोजा. तुम्ही कुणाच्या भिडेला पडत नाही. तेव्हा माझ्याही पडला नाहीत." आवाजात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

"श्वास घे. सोड. आता रोखून धर," तिनं माइकवर सांगितलं, आणि थोड्या वेळानं पडद्यावर वर्तुळ आलं. फुगल्यासारखं करत होतं, फुगत नव्हतं. भावाचंही सुरुवातीला असंच दिसायचं. तिनं दोन रेघा ओढल्या. फरक न दिसण्याइतकाच. खरा आकडा लिहिला असता तर पोरीला लगेच कुणी कापणार नव्हतं. औषध सुरू झालं असतं, धावपळीचे खेळ बंद झाले असते, तपासण्या वाढल्या असत्या. हे सगळं तिला पाठ होतं. पण त्या वाटेच्या टोकाला तिला भावाचं टेबल दिसत होतं, आणि त्यापुढे तिला काही दिसेना. तिनं दोन्ही रेघा पुसल्या. बाहेरची केसभर बाहेर ओढली, आतली केसभर आत. आकडा छान आला. तिनं खाली सही केली.

"काय आलं?" भावजयीनं दारातूनच विचारलं.

"चांगली हलतेय."

भावजय खुर्चीत बसली आणि ओंजळीत तोंड धरून रडली. वर्षभराचं एकदम रडली. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर माझा विश्वास बसला नसता," ती म्हणाली.

भाची बुटांच्या नाड्या बांधत होती. "मग आत्या, मी शाळेच्या संघात खेळू ना? सर म्हणालेत, घरून होकार आण."

दोघी मायलेकी तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"खेळ की," आत्या म्हणाली.